उन्हाची फुशारकी

आम्ही अकोल्याची माणसं उन्हाची फुशारकी मारतो. मिरवायला दुसरं फारसं नाही म्हणा. एप्रिल लागला की टपरीवर चहा पिताना पेपरातला तापमानाचा चौकोन आधी बघायचा, आणि चंद्रपूर पुढे गेलं असेल तर तोंड पाडायचं. मीही त्यातलाच. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून रोज फोनवर तिला आकडा सांगायचो, तोही दोन अंश वाढवून. "आज सत्तेचाळीस! गच्चीवर पापड ठेवला तर भाजून निघते," असं काहीबाही. ती हसायची. स्वयंपाकघरातून तिची आई ओरडायची, "कावून भेव दाखवता पोरीले?"

तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. ती होती तेव्हा उन्हाळ्यात सातच्या आत स्वयंपाक उरकायचा, मग गॅस बंद तो थेट दिवेलागणीपर्यंत. दुपारी ताक, कांदा, सकाळची भाकरी. आता मी सहालाच भात लावतो आणि एक वाजता एकटा खातो. तेव्हाही तो कोमटच असतो. बाहेर पडताना डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळतो. रस्त्यावर सगळ्यांचीच तोंडं बांधलेली, त्यामुळे ओळखीचा माणूस शेजारून गेला तरी कळत नाही. बारा ते पाच गल्लीत कुत्रंही नसतं. ते पाच तास मला खायला उठतात.

या मे महिन्यात मुलीने चार वर्षांच्या नातीला घेऊन आठ दिवस यावं, एवढंच मला हवं होतं. मार्चपासूनच तयारीला लागलो. कूलरचं गवत बदललं, टाकीचा गंज घासून रंग दिला. नातीसाठी बिनबाह्यांचे दोन सुती फ्रॉक आणले, आणि कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर फ्रिजमध्ये भरून ठेवला. मग फोनवर आकडा उतरवायला लागलो.

"यंदा काही ऊनच नाई, बेटा. चाळीसच्या आतच हाय. संध्याकाळी तर वारं सुटते."

"बाबा, माझ्या मोबाइलवर अकोला पंचेचाळीस दाखवतंय."

"त्या मोबाइलले काय समजते?"

"अहो, तुम्हीच तर इतकी वर्षं सांगत आलात. हे म्हणतात, लहान लेकराला त्या भट्टीत कशाला न्यायचं? तुम्हीच या ना इकडे."

तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरेही राहतात. मला झोपायला जागा नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी चिडलो, पण कोणावर? जावयाला काय बोलणार, गावाची भट्टी माझ्याच तोंडाने पेटवली होती. मग जे कधी बोललो नव्हतो ते बोलून गेलो.

"मले करमत नाई, बेटा. दुपार जाता जात नाई."

ती भरल्या आवाजात म्हणाली, "इतका त्रास होतोय आणि सांगत नाही तुम्ही? थांबा, मी आजच एसी पाठवते."

तसं नाही गं, असं म्हणायचं होतं. "बरं," म्हणालो.

चौथ्या दिवशी दोन माणसं येऊन एसी बसवून गेली. कूलर अंगणात गेला. "काका, दारं-खिडक्या घट्ट लावून बसा," जाताना त्यातला एक म्हणाला. मी लावल्या. शेजारचा टीव्ही ऐकू यायचा, तोही बंद झाला. अर्ध्या तासात भर मे महिन्यात मी चादर गुंडाळून बसलो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लगेच फोन लावला.

"बेटा, आता तर खोली एकदम गार झाली. आता काय भेव? ये तिले घेऊन."

तिने आधी एसीचं बिल नीट ठेवलं का, ते विचारलं.

"बघते, बाबा. पुढच्या वर्षी नक्की."

इतके दिवस तिचं न येणं उन्हावर ढकलता येत होतं. आता तेही राहिलं नाही.