चोम्पूच्या पायांची वाट

माझा थोरला भाऊ इन्था लोंगनच्या झाडावरून पडला तेव्हा त्याची लेक चोम्पू रांगत होती. आमच्या लाम्फूनकडं फळं उतरवायच्या दिवसांत कुणी ना कुणी पडतंच. शिडीचा बांबू मोडला, दादाच्या पाठीचा कणा दुखावला आणि छातीखालचं अंग गेलं. वहिनी बँकॉकला कामाला म्हणून गेली ती परतलीच नाही. पोर मी वाढवली.

आमचं घर उंच खांबांवर उभं, म्हणून दादाचा बिछाना वरून घराखाली, खांबांच्या मधे आला. तिथं बसून तो फळांच्या टोपल्या विणायचा. पुढं शहरातल्या मोठ्या इस्पितळातून त्याला बोलावणं येऊ लागलं. नव्यानं असं झालेली माणसं भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि दादा व्हीलचेअर खाटेला टेकवून म्हणायचा, "रडून घे. पण पायांची वाट बघू नकोस. मी बघत बसलो, तोवर पाठीला जखमा झाल्या. पायांना जायचं होतं, गेले. हात राहिलेत, त्यांना कामाला लाव." माणसं शिव्या घालायची, मग हळूहळू उठून बसायची.

त्याच इस्पितळात डॉक्टर सिरिननं नवा उपचार तपासायला घेतला. रोग्याच्याच हाडातल्या मगजातून मूळ पेशी काढायच्या, पातळ जेलमध्ये कालवायच्या आणि कण्यात दुखावलेल्या जागी सुईनं सोडायच्या. जेल आत घट्ट होतं, पेशींना धरून ठेवतं. पण जखम ताजी हवी.

"काका, थोडं उशिरा पडला असतात तर!" नर्स थट्टेनं म्हणाली.

"पुढच्या खेपेला तुम्हाला विचारून पडतो," दादा म्हणाला. सगळे हसले.

चोम्पू तोवर मोठी होऊन कारखान्यात कामाला लागली होती; त्याच वर्षी थंडीत घरी परतताना तिच्या मोटरसायकलला कालव्याच्या वळणावर गाडीनं उडवलं. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा ती छताकडं बघत होती; तिचाही कणा दुखावला होता, कमरेखाली जाणीव नव्हती.

"बाबा, ते तुमचं भाषण मला नका देऊ."

दादानं नाही दिलं. तो डॉक्टरकडं गेला.

"काका, या उपचारानं अपाय होत नाही ना, एवढंच आत्ता तपासतोय," डॉक्टर म्हणाली. "पोरगी चालेल असं मी म्हणत नाही."

"मला पाठ आहे ते. मीच सांगतो ना लोकांना." दादा खुर्ची चोम्पूच्या खाटेकडं वळवत म्हणाला.

चोम्पूला भीती वाटत होती. दादा म्हणाला, "हो म्हण, बाळा." ती हो म्हणाली, आणि तिच्या कण्यात पेशी सोडल्या.

घरी आल्यावर एका सकाळी मी चिकट भाताची गरम टोपली तिच्या मांडीवर ठेवून मिरच्या भाजत होते. ती किंचाळली, "आत्या, पोळतंय! मांडीला पोळतंय!" दादानं येऊन तिला चिमटा काढला.

"इथं?"

"आई गं! बाबा, हळू!"

दोघं हसत होती, रडत होती. मीही.

दुसऱ्याच दिवशी दादानं मला बांबू तोडायला लावले. तिला धरून चालायला घराखाली आडवे कठडे बांधले. मी तिला काखेत धरून उभं करायची, खाली पाय नुसते लोंबायचे.

"डावा हलला! मी बघितलं."

"नाही हलला, बाबा."

"हलला गं."

असं वर्ष गेलं. मांडीच्या पुढं काही आलं नाही. डॉक्टर सिरिननं दोघांना समोर बसवून सांगितलं, "जाणीव आली ती टिकेल. चालण्याची आशा मी देऊ शकत नाही." परतीच्या वाटेवर दादा म्हणाला, "डॉक्टर पोरसवदा आहे अजून. तिला काय कळतंय?"

चोम्पू आठवड्यानं म्हणाली, "बाबा, कठडे काढा. माझी खुर्ची वळत नाही."

"एवढा पावसाळा जाऊ दे."

"परक्यांना सांगत आलात, वाट बघू नका म्हणून. मलाच का नाही सांगत?"

"ते परके होते."

"मग मीच सांगते. बाबा, पाय गेले."

दादा लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. स्वतःचे पाय गेले तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. चोम्पूनं खुर्ची त्याच्याजवळ न्यायचा प्रयत्न केला. मधे कठडा होता. तिनं तिथूनच हात लांब केला, पण पोचला नाही. मी कोयत्यानं कठड्याच्या दोऱ्या कापल्या.

चोम्पू आता चियांग माईत फोनवर तिकिटं विकते, मैत्रिणींबरोबर राहते. दादा इस्पितळात जात नाही. डॉक्टर अजून फोन करते, "काका, एक पोरगा आहे, जेवत नाही, तुम्ही याल का?"

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," दादा म्हणतो. "मला आता माझं ते बोलणं खोटं वाटतं."