एका झाडाचा बार

पुण्यात मला हमखास विचारायचे, "तू एमपीची ना? मग मराठी कशी काय येते?" मी दातओठ खात सांगायची की बाबांनो, आमच्या पांढुर्णा-सौसरला घरोघरी मराठीच चालते, आमची तर भांडणंही मराठीत होतात. पटायचं नाही कोणाला. वर माझ्या तोंडून "काय करून राहिले?" असं निघालं की अख्खी लॅब हसायची. शेवटी मी बोलणंच कमी केलं. डिजिटल मीडियात पोस्ट ग्रॅज्युएशन करताना त्यानं काही अडतही नाही, सगळेच कानाला हेडफोन लावून बसलेले असतात.

कोर्स निम्मा चित्रांचा आणि निम्मा कोडचा. चित्रवाल्यांना मी मशीनवाली वाटायची, कोडवाल्यांना चित्रवाली. डबा घेऊन बसायची तर जिन्यात एकटीच. हे मी घरी कधी सांगितलं नाही. आई रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवली का?" जेवली. "बरी हायस ना?" बरी आहे. झालं, संपलं बोलणं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी आमच्या बगीच्यातलं संत्र्याचं झाड घेतलं. आमच्याकडे आंबिया बारासाठी, म्हणजे थंडी सरतानाच्या बहरासाठी, झाडांना ताण देतात. म्हणजे थंडीत पाणी बंद करायचं, पानं मलूल होऊ द्यायची, थोडी गळूही द्यायची, आणि मग थंडी सरताना एकदम पाणी सोडायचं. तहानलेलं झाड फुलांनी भरून जातं. मला हे सगळं पडद्यावर आणायचं होतं. पानं, फांद्या मी हातानं रंगवल्या, स्कॅन केल्या, एकेक हलती केली. झाडाच्या बुडाशी मातीत ओल मोजणारा सेन्सर पुरला, सिमकार्डवाली डबी बांधली. माती वाळेल तसं पडद्यावरचं झाड मान टाकणार, आणि पूर्ण ताण बसल्यावर मातीत पाणी मुरलं की हळूहळू फुलणार. दोन्ही झाडं, खरं आणि चितारलेलं, एकाच वेळी फुलली पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं होतं. ते साधलं नाही तर वर्षभर जिन्यात बसून मी नेमकं काय केलं, हे मलाच सांगता आलं नसतं.

दिवाळीत घरी आले तेव्हा एक जुना टॅब स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीशेजारी लावला, चार्जरला जोडून. घरच्यांनीही पाहावं, म्हणून. बाबा हसले. "झाड तं बाहीर उभं हाय. घरात कायले पाह्यचं?" आईनं मात्र हात पुसत विचारलं, "हे काय होय वं?" सेन्सर, डेटा, कोड, सगळं समजावायचा मला भारी कंटाळा आला होता. म्हटलं, "माझं झाड आहे. मी नसताना याच्याकडे पाहत जा." आणि मी बॅग भरायला गेले.

बाबांनी ताण सुरू केला. इकडे पुण्यात माझ्या लॅपटॉपवर झाड सुकायला लागलं, अगदी हवं तसं. पानांनी मान टाकली, रंग उतरला. प्रोजेक्टच्या मॅडम पहिल्यांदाच माझ्या खुर्चीमागे थांबल्या, म्हणाल्या, "छान चाललंय." त्या दिवशी मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बसून जेवले.

आणि मग झाड सावरायला लागलं. दुपारी मलूल, संध्याकाळी टवटवीत. मातीची ओल रोज अचानक वर चढायची. मी कोड तपासला, पुन्हा लिहिला, स्वतःला शिव्या घातल्या. बाबांना फोन केला तर म्हणाले, "पानी कुठचं? मोटरले हात नाही लावला आपुन." म्हणजे सेन्सरच बिघडला. प्रोजेक्टचं प्रदर्शन तोंडावर, आणि माझं झाड खोटं बोलत होतं. तशीच उठले, नागपूरला गाडी बदलली आणि पांढुर्ण्याला उतरले.

बगीच्यात पोचले तर बाबा आधीच तिथं उभे, कमरेवर हात. सगळ्या झाडांखाली भेगाळलेली कोरडी माती, आणि माझ्या झाडाचं आळं ओलं गच्च. बाबांचा आवाज पार बांधापर्यंत गेला. "कोनं पानी टाकलं वं इथं? ताणाच्या झाडाले पानी? डोकं फिरलं काय कोनाचं?"

आई घरातून आली. तिच्या हातात कळशी होती. लपवली नाही तिनं.

"मी टाकतो," ती म्हणाली. "रोज."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. लग्न होऊन आल्यापासून आई या बगीच्यात राबते आहे. ताण म्हणजे काय हे तिला सांगायची कोणाची टाप नव्हती. बाबा वळले आणि मोटरच्या खोलीकडे निघून गेले. मी मात्र भडकले.

"आई, अगं त्याला आता बार नाही येणार! माझं वर्ष आहे त्याच्यावर. तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग काऊन टाकलं?"

तिनं कळशी खाली ठेवली. "तूच तं म्हणली, माह्याकडे पाहत जाय."

"झाडाकडे म्हटलं होतं मी."

"तेच तं. फोनवर तू रोज बरी हाय, बरी हाय म्हणतं. अन् घरात तुह्यं झाड दिवसेंदिवस सुकून राहिलं. मले काय दिसत नाही? पोळ्या लाटतो तं समोर तेच. जामसांवलीच्या मारुतीले नारळ फोडून आली, तरी सुकूनच राहिलं. मंग तुह्या डबीच्या झाडाले पानी टाकून पाह्यलं, तं घरातलं बी सावरलं. म्हटलं, एका झाडाचा बार गेला तं गेला."

प्रोजेक्टचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. झाड फुललं नाही. बाकीचा बगीचा पांढराशुभ्र झाला, वास पार रस्त्यापर्यंत. माझं तेवढं हिरवंगार उभं राहिलं. प्रदर्शनात पडद्यावरही तसंच. पास झाले, बेताचे मार्क मिळाले, आणि त्याचं मला आता काही वाटत नाही.

पण त्या दिवशी बगीच्यात मला सेन्सर कसा चालतो ते तिला सांगायचं होतं. सांगायचं होतं की आई, हे फक्त मातीचं मोजमाप आहे, त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. त्याऐवजी मी त्या ओल्या आळ्याशीच खाली बसले. वर्षभर एवढ्या लोकांनी माझं काम पाहिलं होतं, रेझोल्युशनवर बोलले होते, फ्रेम रेटवर बोलले होते. ते झाड एकटं आहे, हे कोणी म्हटलं नव्हतं. मी रडायला लागले, नाक वाहेपर्यंत, लहान पोरीसारखी.

"बरी नाही मी आई," मी म्हटलं. "अजिबात बरी नाही. कोणीच बोलत नाही माझ्याशी तिथं."

आईनं पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं. जरा रागातच.

"मंग तोंडानं सांगाचं ना वं," ती म्हणाली. "झाडाले कायले पुढं करतं?"