हॅम्बर्गचा उंबरठा

आमच्या लालबागच्या चाळीत लवूकाका परबांइतकं कडक सोवळं पाळणारा माणूस दुसरा नाही. देवाचं नव्हे, नाण्यांचं. त्यांचा मेव्हणा एकदा नाणं बघताना शिंकला, तर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

काका जन्मभर गोदीत क्रेनवर होते. बोटींच्या पाठीवर रंगवलेलं हॅम्बर्ग हे नाव वाचून वाचून त्यांना त्या गावाचं वेड लागलं. तिकडे जाणं काही झालं नाही. निवृत्त झाल्यावर मग जर्मन बादशाहीच्या काळातली प्रूफ नाणी जमवायला लागले. प्रूफ म्हणजे बाजारात चालवायचं नाणं नव्हे, नुसतं बघायचं. मुद्दाम लखलखीत केलेल्या ठशावर पाडलेलं, मोकळी जागा आरशासारखी खोल. बोट लागलं की तो आरसा बिघडला. काकांकडे अशी चारच आहेत. तीन मिशाळ राजांची आणि चौथं हॅम्बर्गचं. त्या गावाला राजा नव्हता, म्हणून नाण्यावर तीन बुरुजांचा किल्ला, दोन बाजूंना सिंह. किल्ल्याचा दरवाजा बंद.

रोज दुपारी जेवण झालं की काका पांढरे हातमोजे घालून ते नाणं खिडकीपाशी न्यायचे. ऊन पडलं की त्या आरशात धुकं हलतं म्हणायचे. बघता बघता डोळा लागायचा आणि ते तिकडे पोचायचे. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, ओली फरशी, सिंह मान वळवून बघतायत, आणि काका दारापाशी उभे. दार काही उघडायचं नाही. संध्याकाळी गॅलरीत हे सगळं मला सांगायचे. मी म्हणायचे, काका, बेल वाजवा की. हसायचे, पण त्यांना खरंच लागायचं ते. सुभद्राकाकू आतून टोमणा मारायच्या की इतकं निरखून आमच्याकडे कधी बघितलं असतं तर आमचंही नाणं झालं असतं.

यंदा ऐन दिवाळीत काकांच्या छातीत कळ आली. लक्ष्मीपूजनाला ते परळला इस्पितळात होते. भाऊबीजेला मी त्यांना टॅक्सीने घरी आणलं. आल्या आल्या त्यांनी हातमोजे चढवले आणि नाण्यांची पेटी उघडली.

हॅम्बर्ग नव्या स्टीलच्या वाटीसारखं चकाकत होतं. अंगभर बारीक चरे, आरसा पार गेलेला, आणि बंद दरवाज्याच्या पायाशी हळदकुंकू वाळून बसलेलं. मला वाटलं, काका आता घर डोक्यावर घेणार, आणि डॉक्टरांनी तर चिडू देऊ नका म्हणून बजावलेलं.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांच्या तोंडावर नुसता आनंद होता. म्हणाल्या, "रांगोळीन घासलंय. तुमी रोज त्याच दाराकडे बघतास ना? तुमी घरात नाय, तर मी म्हटलंय, त्याचो उंबरो आपणच पुजूया. लक्ष्मीक सांगितलंय, ह्येंका घराक आण."

 काकांनी एकेक करून दोन्ही हातमोजे काढले. उघडा अंगठा त्या दरवाज्यावर ठेवला आणि म्हणाले, "बरा केलंस."

मला मात्र त्या नाण्याचं फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

त्या दुपारी काका नाणं मुठीत धरूनच झोपले. संध्याकाळी गॅलरीत आले तेव्हा मी सवयीने विचारलं, काका, उघडलं का दार?

काकू आत दिवा लावत होत्या. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"हिनाच उघडल्यान," ते म्हणाले. "आणि पयली चपला भायर काढूक सांगितल्यान."