चामड्याचं बेरिंग

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत धुळ्याला आग्रा रोडवर जब्बार मिस्त्रीचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार खांबांवर टाकलेले पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन. पण अमळनेर-शिरपूरकडे उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे ड्रायव्हर गाडी कुरकुरली की आधी त्याच्याकडेच यायचे. त्यातला गिरधर तर त्याचा जिवाभावाचा दोस्त. तो अमळनेरच्या चुडामणशेठची मोटार चालवायचा.

एका दुपारी गिरधर रिकामी मोटार घेऊन आला. शेठ स्वतः शेजारी बसलेला.

"भाऊ, हाऊ आवाज ऐक," गिरधर म्हणाला. "पोटमा कोनी हातोडा मारी ऱ्हायना अस वाटस."

जब्बारने इंजिन चालूच ठेवलं आणि एकेका प्लगची तार काढून पाहिली. तिसरी तार काढताच ठोका थांबला. परत लावली, तसा ठक ठक पुन्हा सुरू. त्याने खालचं तेलाचं भांडं उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या दांड्याचं बेरिंग पार झिजलं होतं, धातूचा चुरा तेलात चकाकत होता.

"शेठ, बेरिंग गेलं. नवं मिळेपर्यंत गाडी उभी करा."

"इथे कुठे उभी करू? मुंबईहून बेरिंग मागवतो, पण तोवर गाडी माझ्या दारात पाहिजे. कशीही कर, अमळनेरला पोचव."

तशी एक युक्ती जब्बारला येत होती. जुन्या पट्ट्याचं चामडं त्याने तेलात भिजवलं, मापाने कापलं आणि बेरिंगच्या जागी बसवून दांडा आवळला. इंजिन सुरू केलं तर ठोक्याचा मागमूस नाही.

"हे चामडं आहे, शेठ. रिकामी गाडी, हळू, फक्त अमळनेरपर्यंत. पुढे एक फेरीसुद्धा नाही. गिरधर, ऐकलंस?"

"ऐकं," गिरधर म्हणाला. शेठनेही मान हलवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, तीच मोटार जब्बारच्या दुकानावरून धुळ्याच्या स्टँडकडे गेली. आत माणसं कोंबलेली, टपावर गाठोडी. आणि इंजिन अगदी शांत. जब्बार हातातला पाना तसाच घेऊन मागे धावला.

स्टँडवर चुडामणशेठ चहा पीत होता.

"शेठ, बेरिंग आलं का?"

"लढाईत बेरिंग कुठलं येतंय? आणि कशाला पाहिजे? आवाज येतोय का तुला?"

"आवाज नाही म्हणून तर भीती वाटते! ठोका होता तोवर गाडी बोंबलून सांगत होती. आता दांडा एकदम तुटेल."

"मिस्त्री, तूच बंद केलास ना आवाज? मग?" शेठ हसला.

जब्बारने गिरधरकडे पाहिलं. गिरधर काच पुसत राहिला. किल्ली काढून घ्यावी असं जब्बारच्या मनात आलं, पण उतारू ओरडायला लागले होते, आणि गाडी त्याची नव्हती. तो परत फिरला.

अमळनेरकडे परतताना फागण्याजवळ दांडा तुटला आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. धूर दिसताच गिरधरने सगळे उतारू खाली उतरवले. मग बॉनेट उघडलं. पेटलेल्या तेलाचा भडका थेट तोंडावर आला. गिरधर वाचला, पण दोन्ही डोळे गेले.

फौजदाराने इंजिन उघडायला लावलं, तर आत जळकं चामडं. "हे कुणी घातलं?" शेठने मिस्त्रीचं नाव सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. ताकीद दिल्याचं मात्र त्याने साफ नाकारलं. उरला एकच साक्षीदार. गिरधर म्हणाला, मिस्त्री काही बोलल्याचं मला आठवत नाही.

खटला उभा राहण्याआधी जब्बार त्याच्या घरी गेला. बाजेवर पडलेल्या गिरधरने पावलं ओळखली.

"तुनं खरं शे, भाऊ," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "पन शेठ घर दाना धाडी ऱ्हायना. मी खरं बोलसू तं पोरे काय खातीन?"

त्याची बायको बेबाबाई चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं उभं होतं. जब्बार शिव्या द्यायला आला होता, तो तसाच दाराकडे वळला. रेशनच्या त्या दिवसांत तसं पोतं त्याला स्वतःला आणून देता आलं नसतं.

हयगय केल्याबद्दल त्याला कैद झाली. सुटून आला तेव्हा पत्र्यांखाली दुसराच मिस्त्री बसला होता. चामडं घालणाऱ्याच्या हाती गाडी कोण देणार? त्याने अमळनेरला तेलाच्या गिरणीत यंत्रांना वंगण घालायचं काम धरलं.

लढाई संपल्यावर चुडामणशेठने नवी मोटार आणली. एके दिवशी तो गिरणीच्या फाटकाशी आला.

"मिस्त्री, झालं गेलं सोड. नव्या गाडीत टिकटिक येते. तेवढं ऐकून दे."

नको म्हणायचं ठरवत ठरवत जब्बारचे हात बॉनेटवर गेले. झडप ढकलणारा एक टॅपेट सैल होता, बाकी काही नाही. त्याने तो बसवून दिला. इंजिन गोड चालायला लागलं आणि क्षणभर, इतक्या वर्षांनी, त्याला बरं वाटलं. शेठने पाठीवर थाप मारली.

घरी येऊन त्याने बायकोला, हसीनाबीला, ते सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"गिरधरभाऊंचं काही विचारलंत? शेठ त्यांना दाणा देतो का अजून?"

जब्बारने विचारलंच नव्हतं. टॅपेट कसा सैल झाला, एवढंच तो शेठला समजावून सांगत बसला होता.