माझ्यासाठी बदललेली ट्यूब

मंडळी, आज आमच्या विभागात खास माझ्यासाठी एक ट्यूब बदलली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मी ऑटिस्टिक आहे, वय तेहतीस, इथे म्हैसूरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सेमिनारच्या खोलीतली ट्यूब सतत गुणगुणते. बाकीच्यांना ते ऐकूच येत नाही, आणि मला त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. वर्षभरात तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा विभागप्रमुख म्हणाले, "नोडोण, बघू या."

आज सकाळी गेले तर शिडी लावलेली, इलेक्ट्रिशियन नवा एलईडी बसवतोय आणि सर स्वतः दारात उभे. "आता खूश ना, अम्मा? सोमवारी तपासणी समिती येतेय. पुढच्या बाकावर बसा. त्यांनी विचारलं तर दोन शब्द चांगले बोला."

अस्सं!

सर गेल्यावर इलेक्ट्रिशियनने जुनी ट्यूब पेपरात नीट गुंडाळून कपाटावर ठेवली. मी विचारलं, "टाकून का देत नाही?"

"इरली मॅडम, बेकागुत्ते." असू दे, लागेल म्हणे.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला चांगल्यातही खोटच दिसते ग."

असेल. पण माझ्याबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते, की मी प्रत्येक बोलणं शब्दशः घेते. मग सांगा, हे "लागेल" मी कसं घ्यायचं?

मंगळवारी माझा सेमिनार आहे. कानात घालायचे कापसाचे बोळे मी अजून बॅगेतून काढलेले नाहीत.