जेम्सेस बेकरी नेमकी कोणाची?

मंडळी, नागापूरला माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. आज जेम्सभाऊंच्या नव्या बेकरीची पाटी लिहिली. उद्या सकाळी उद्घाटन.

इंग्रजीत जेम्सला मालकीचा एस लागला की म्हणायचं 'जेम्सेस', हे मी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून शिकलोय. ऐटीत तसंच लिहिलं, 'जेम्सेस बेकरी'.

त्यांच्या मिसेस मार्थावहिनी पाटी बघून हसायलाच लागल्या. "बसेस म्हंजे लई बस. मग जेम्सेस म्हंजे लई जेम्स? अवो भाऊजी, मला एकच आवरंना!"

जेम्सभाऊ म्हणाले, "मग निस्तं जेम्स लिवा."

वहिनी म्हणाल्या, "तुमचंच नाव कशाला? पाव कोन भाजतं?"

भाऊंनीच फडकं पुढे केलं. मी पुसून लिहिलं, 'मार्थाज बेकरी'.

माझा उच्चार बरोबर होता, मालक चुकला होता. तुमच्याकडे पाटीवर नाव कोणाचं आहे, आणि राबतं कोण?