गोजराबाईले चूलबंद आवतन

गोजराबाईचं अन् माहं जमत नाई, हे सारं इंझोरी गाव जानते. तिचं वावर अन् माहं वावर धुऱ्याले धुरा लागून. तो धुरा, म्हंजे मधातला बांध, कोनी कोरला याच्यावर भांडता भांडता आमचे दोघायचे केस पांढरे झाले, पन भांडन अजून हिरवंगार हाये. तिच्याबद्दल चांगलं बोलाची मले काई हौस नाई. पन त्या लॉजवाल्यायनं तिच्यासंग जे केलं, ते सांगून चावडीवर कोनी दात काढते ना, तवा माह्या डोक्यात तिडीक जाते. म्हनून सांगतो. ज्याले ऐकाचं त्यानं ऐका, नाई तं आपआपल्या घरी जा.

गोजरा केनवडची लेक. भगवंतरावाले देल्ली तवा लोक म्हनत, गरीब मानसाच्या पदरी वाघीन पडली. तिचं तोंड असं का कुत्रं बी तिच्या अंगनातून शेपूट घालून जाये. भगवंतराव गेला तवा भाऊबंद म्हनले, बाई वावर आमाले बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दे. तिनं हातातला झाडू दाखवला. तवापासून दीड एकर एकटी वाहते. पेरनीले औत तेवढं भाड्याचं, बाकी निंदन, सोंगनी, राखन सारं आंगावर.

अन् राखन म्हंजे खेळ नोहो बाप्पा. आमची वावरं अभयारन्याच्या तारेले चिकटून. तठून हरनाचे कळप येतात, डुकरं येतात, अन् रोही येते. रोही म्हंजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, एका रातीत खाते कमी अन् तुडवते जास्त. त्याले मारलं तं आपन जेलात. म्हनून गोजरा वावरात चार लाकडाचा माळा बांधून त्याच्यावर झोपे, अन् पहाटे झुंजुरकापासून आरोळी देये, “हाऽऽ हुर्रऽऽ, तुह्या मायले नेलं वाघानं!” माही झोप त्या आरोळीनं उघडे. म्या तिले लय शिव्या देल्ल्या, पन खरं सांगतो, तिच्या आरोळीनं माह्या वावरातलं जनावर बी पळे.

कुंपन घालाची तिची ऐपत नाई. म्हनून तिनं वावराभवती जुन्या साड्या बांधल्या. आमच्या इकडं सारेच बांधतात, वाऱ्यानं फडफडली का हरीन बुजते. पन बाकीचे बाजारातून फाटक्या साड्या किलोनं आनतात. गोजरानं सोताच्या बांधल्या. लगनातला शालू, पोराच्या, शिवमच्या, बारशाची हिरवी, भगवंतराव गेल्यावर नेसनं सोडलं त्या साऱ्या रंगीत. “पेटीत कसर खाईन, त्याच्यापरीस वावर तं वाचवतीन,” म्हने.

आता लॉजचं ऐका. आमच्या माळावर कोनी बाहेरच्या मानसानं खोल्या बांधल्या, नाव ठेवलं ‘मृगछाया’. फाटकावर चित्र काय तं घनदाट रान, धबधबा अन् सुपाएवढ्या चोचीचा राघू. अरे, आमच्या अठी कुसळीचं गवत अन् बाभळी! धबधबा पाहाचा असन तं मोटार चालू कर अन् पाईपाखाली बस. पन लोक येतात. मातकट टोप्या, हातभर लांब कॅमेरे, झुंजुरका उठून जनावर पाहाले उंच मनोऱ्यावर चढतात. मनोऱ्याच्या ऐन समोर कोनाचं वावर? गोजराचं. तठी मी रोज सकाऊन दूध घालतो, म्हनून हे सारं मले ठाऊक.

मॅनेजर ऋषिकेश, पुन्याकडचा. गोड बोले, पन गोडबोल्याचा मले पहिलेपासून भेव वाटते. एक दिवस तो तिच्या धुऱ्यावर आला. मी आपल्या वावरात होतो, कान काई बंद करून ठेवले नव्हते.

“मावशी, तुमच्या ओरडण्यानं प्राणी पळून जातात. पाहुणे शांततेसाठी येतात हो,” तो म्हने.

“मंग त्यायले मसनात ने. तठी लय शांतता राह्यते.”

“बरं, निदान या साड्या तरी काढा. प्रत्येक फोटोत येतात.”

“फोटोतल्या काढ ना. वावरातल्याले हात लावशीन तं हात धुऱ्यावर ठेवून घरी जाशीन.”

तो तोंड कसनुसं करून माह्याकडे आला. “काका, तुम्ही जरा समजवा त्यांना.” म्या म्हनलं, “मी तिच्यासंग बोलत नाई, अन् तुह्यासंग बी बोलाची मर्जी नाई. दूध पाह्यजे तं सांग.”

लॉजवाल्यायले ते वावरच पाह्यजे होतं. पडीक ठेवाचं, गवत वाढू द्याचं, म्हंजे हरनं मनोऱ्याखाली येऊन चरतीन. त्यायनं तिच्या पोराले, शिवमले, गाठलं. शिवम पुन्यात कंपनीत. दिवाळीले आला तवा सोयाबीनचं वाटोळं झालेलं होतं, डुकरायनं अर्धं अन् रोह्यायनं अर्धं. तो मायले म्हने, “माय, कायले हाडं झिजवून राह्यली? वावर देऊन टाकू लॉजले. चाल माह्यासंग, राधिका अन् मी सांभाळतो तुले.”

गोजरा म्हने, “तुह्या त्या डब्ब्यात मी मरून जाईन बाप्पा. ऐक. आता हरबरा पेरतो. हा हरबरा घरी आला तं वावराचं नाव काढाचं नाई, मी जित्ती हावो तवरी. नाई आला, तं दे वावर, मी आंगठा देतो.”

अन् हे बोलाले तिनं कोनाले बलावलं? मले! धुऱ्यावर उभी राहून हाक मारली, कईक सालानं पहिल्यांदा. “मारोत्या, इकडं ये. ऐकून घे अन् ध्यानात ठेव.” म्या म्हनलं, “काहून मी? भाऊबंद मेले काय?” तं म्हने, “भाऊबंद माह्या बाजूनं बोलतीन नाई तं पोराच्या. तू दुश्मन हायेस, तू माह्यासाठी खोटं बोलत नाई.” तिचा चेहरा असा होता का म्या निमूट मान हलवली.

हरबरा असा आला, का म्या मनातल्या मनात जळलो. घाटे टच्च भरले. ती रातंदिवस माळ्यावर. भाकर बी तठीच, न्हानं बी तठीच. खोकला लागला तरी आरोळी सुटली नाई, आवाज फाटला तरी डब्बा बडवे. पाव्हने मनोऱ्यावरून कानावर हात ठेवत. कोनी दोन दिवसाचे आलेले पाव्हने एका दिवसात निघून गेले म्हनतात. चांगलं झालं, म्या म्हनलं.

शिवरात्रीचा उपास सुटल्यावर शिवम अन् त्याची बायको राधिका आले. हरबरा सोंगनीवर आलता. दुसऱ्या दिवशी सोंगनी लावू, गोजरानं बाया बी सांगून ठेवल्या. अन् त्याच दुपारी ऋषिकेश तिच्या दारात आला. संग मुन्ना, तिच्या दीराचा पोरगा, लॉजची जीप चालवते. मुन्न्याच्या हातात ताट, ताटात अक्षता.

“मोठी माय,” मुन्ना म्हने, “लॉजले साल झालं. रातच्याले जेवन हाये. तुमाले चूलबंद आवतन हाये.”

आता हे शहरातल्यायले समजाचं नाई. चूलबंद आवतन म्हंजे घरच्या साऱ्या जनायले जेवाले बलावनं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाई, अन् मांगं कोनी राहत बी नाई. अन् अक्षता हातात पडल्यावर नाई म्हनता येत नाई, दुश्मनाचं असलं तरी. माह्या वैष्णवीच्या लगनात म्या गोजराले चूलबंद आवतन देल्लं होतं, लोकलाजेनं. ती आली, बुंदी दोनदा मांगून खाल्ली, अन् माह्याकडे न पाहता निघून गेली. पन आली! आमच्यात अन्न लाथाडत नाई कोनी. ऋषिकेशले हे कुठचं ठाऊक? ही अक्कल मुन्न्याची, हे मले मांगून समजलं. आपल्याच रक्तानं दात लावला.

तिनं अक्षता हातात घेतल्या. मंग म्हने, “जेवतो अन् लगेच वापस येतो. राखन हाये माही.” मुन्ना म्हने, “हो माय, जीपनं आनून सोडतो.”

पुढचं लॉजवर सयपाक करते त्या विजयमालानं सांगतलं. जेवन झाल्यावर मुन्ना म्हने जीप बिघडली. पायी जातो म्हनली तं म्हने वाटेवर बिबट्या फिरून राह्यला, दोघा पाव्हन्यायनं पाह्यला. ऋषिकेश म्हने, “मावशी, आजची रात्र तुम्ही आमच्या पाहुण्या.” शिवमनं बी हात धरला, “माय, एका रातीनं काय होते?” राधिकानं गादीवर चादर घातली, तं ती गादीवर झोपलीच नाई, फरशीवर पडून राह्यली. घडोघडी उठून खिडकीशी जाये अन् ऐके.

मी सकाऊन दूध घेऊन गेलो तवा फाटकाजवळ तिचीच कटकट चालू होती. फाटकाले कुलूप, चावी मुन्न्याजवळ, अन् मुन्ना कुठं तं कोनाले पत्ता नाई. उजाडून राह्यलं होतं. ती म्हने, “मले माहं वावर दिसलं पाह्यजे,” अन् सरळ मनोऱ्याच्या जिन्याकडे गेली. गुडघे धरून धरून चढली. म्या दुधाची कॅन फाटकाबाहेर ठेवली, फाटकावरून चढून आत उतरलो अन् तिच्या मांगं जिना चढलो. कायले चढलो ते मले बी माईत नाई.

वर पाव्हन्यायची गर्दी. सारे खुश, कोनी बोलेना, फक्त कॅमेरे खटखट करून राह्यले. ज्योत्स्ना नावाच्या एका बाईनं गोजराले जागा देल्ली, आपली दुर्बीन तिच्या डोयाले लावली, अन् हळूच म्हने, “आजी, बघा ना, किती गोड! इतका मोठा कळप मी आयुष्यात पाहिला नाही.”

गोजरानं पाह्यलं. मले दुर्बिनीची गरज नव्हती. वावरभर हरनं. काळे नर, भुऱ्या माद्या, पिल्लं उड्या मारून राह्यली, अन् मधात सात-आठ रोही लोळून राह्यले. हरबरा नव्हताच. माती दिसत होती, डुकरायनं उकरलेली. अन् वावराच्या मनोऱ्याकडच्या बाजूले एकबी साडी नव्हती. साऱ्या सोडून, घड्या करून, धुऱ्यावर ठेवल्या होत्या. फोटो साफ आले पाह्यजेत ना!

तिच्या हातातून दुर्बीन खाली पडली. अन् मंग तिनं आरोळी देल्ली. रातभर न झोपलेल्या, फाटलेल्या गळ्यातून. असा आवाज म्या तिचा कवाच ऐकला नव्हता, त्याच्यात शिवी बी नव्हती. कळप उधळला, धूळ उडाली, एका पळात वावर रिकामं. पाव्हने खवळले. कोनी म्हने “कोण आहे ही बाई?”, कोनी म्हने “काढा हिला इथून!” ऋषिकेश धावत वर आला, “मावशी, तुम्हाला काही समजतं का?”

म्या त्याची कॉलर धरली. “साड्या कोनी सोडल्या बे? बोल! आवतन देऊन घर लुटता, ही तुमची जात?” तो म्हने त्याले काई माईत नाई. मुन्ना खाली फाटकापाशी चावी फिरवत उभा होता, वर पाहे ना.

शिवम वर आला. त्यानं वावर पाह्यलं अन् रंग उडाला त्याचा. साड्यायचं त्याले ठाऊक नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पन मंग तो जमिनीकडे पाहून म्हने, “माय... हरबरा तं गेला. मारोतकाका, काय ठरलं होतं ते तुमीच सांगा.”

सारे माह्याकडे पाहाले लागले. म्या आतापरेंत त्या बाईसाठी पान्याचा तांब्या बी उचलला नाई. पन तठी तिचे मातीचे पाय त्या चकचकीत फरशीवर पाह्यले, अन् माह्या तोंडातून निघालं, “काई ठरलं नव्हतं. मी तं काई ऐकलंच नाई.”

गोजरा गरकन फिरली. “मारोत्या, खोटं काहून बोलून राह्यला बे?”

“गोजरा, अवं हा धोका होये! यायनं सोडल्या साड्या!”

“धोका यायचा. जबान माही.” ती पोराकडे वळली. “ठरलं होतं. याच्या म्होरंच ठरलं होतं. कागद आन, आंगठा देतो.” मंग माह्याकडे असं पाह्यलं का धुऱ्यावर बी कवा पाह्यलं नसन. “अन् तुह्या उपकाराचं वावर मले नोको. त्याच्यापरीस हरीन खाओ.”

ती जिन्यानं खाली उतरली. मुन्न्यानं फाटक उघडलं, तिनं त्याच्याकडे पाह्यलं बी नाई. वर ज्योत्स्नाबाई दुर्बिनीची काच पुसत ऋषिकेशले इचारत होत्या, “हरणं परत कधी येतील हो?”